‘मे आय कम इन’च्या पुढे: कॅन, शुड, मस्ट यांच्यासोबत फ्रेझल व्हर्ब कसे बोलायचे

मालवणजवळच्या एका न्याहारी-निवासातली गोष्ट. उद्याची बोटीची फेरी ठरली होती. रात्री जेवताना पाहुण्याने काकूंना विचारलं, ‘कुड वुई पुट ऑफ द बोट ट्रिप?’ ‘ऑफ’ काकूंच्या ओळखीचा. पंखा ऑफ, पंप ऑफ, तशी बोटही ऑफ. त्यांनी तांडेलाला, म्हणजे होडीच्या कप्तानाला, फोन करून फेरी रद्द केली आणि त्याने दुसरं गिऱ्हाईक घेतलं. परवा सकाळी पाहुणे टोप्या घालून खळ्यात, म्हणजे अंगणात, हजर! त्यांना फेरी रद्द करायची नव्हती, एक दिवस पुढे ढकलायची होती. रद्द करणं म्हणजे ‘कॉल ऑफ’ आणि पुढे ढकलणं म्हणजे ‘पुट ऑफ’. एवढ्या फरकामुळे काकूंचं गिऱ्हाईक नाराज झालं आणि काकू दोन दिवस बेचैन होत्या.

मी आठवड्यातून दोन संध्याकाळी घराच्या पडवीत इंग्रजी बोलायला शिकवते. येणाऱ्यांत न्याहारी-निवास चालवणाऱ्या बायका, होडीवाले, रिक्षावाले असतात. बहुतेकांचं दहावीपर्यंतचं इंग्रजी पक्कं असतं. ‘पुट’ म्हणजे ठेवणे आणि ‘कुड’ म्हणजे ‘कॅन’चा भूतकाळ, हे त्यांना झोपेतही सांगता येईल. पण हे दोन शब्द बोलण्यात एकत्र आले की अर्थ हातातून निसटतो, कारण शाळेत दोन्ही धडे वेगवेगळ्या महिन्यांत शिकवलेले असतात. हा लेख त्या दोन धड्यांची गाठ मारण्यासाठी आहे.

आणि घाबरायचं कारण नाही. पहिलीत वर्गाच्या दारात उभं राहून आपण सगळ्यांनीच म्हटलंय, ‘मे आय कम इन, टीचर?’ त्यात ‘मे’ हा मोडल आहे, म्हणजे शक्यता, सक्ती, सल्ला, परवानगी दाखवणारा मदतनीस शब्द. आणि ‘कम इन’ हा फ्रेझल व्हर्ब, म्हणजे क्रियापद आणि छोट्या शब्दाची जोडी. म्हणजे सुरुवात कधीच झालेली आहे.

आधी आपल्याच भाषेकडे बघा

‘बाई, ह्या अप कित्याक लावतत?’ हा प्रश्न मला दर नव्या तुकडीत येतो. ‘ईट’ म्हणजे खाणे, मग ‘ईट अप’ कशाला?

मी उलट विचारते, ‘खा’ आणि ‘खाऊन टाक’ यांत फरक काय? खाऊन टाकताना कोणी काही टाकत नाही. ‘टाक’ एवढंच सांगतो की उरवू नको, संपव. ‘ईट अप’मधला ‘अप’ तेच काम करतो. ‘क्लीन अप’ म्हणजे साफ करून टाकणे, ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपवणे. ‘फाइंड आउट’ म्हणजे शोधून काढणे, ‘थ्रो अवे’ म्हणजे फेकून देणे, ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे. मराठीत मुख्य क्रियापदामागे दुसरं छोटं क्रियापद येतं आणि आपला मूळ अर्थ सोडून पहिल्याला रंग देतं. इंग्रजीत हेच काम ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’, ‘अवे’ असे छोटे शब्द करतात.

सगळीकडे असं जुळत नाही. ‘पुट ऑफ’चा अर्थ ‘पुट’ आणि ‘ऑफ’ची बेरीज करून कधीच मिळणार नाही. ‘हरवून बसलो’मध्ये कोण कुठे बसलं हे परक्या माणसालाही कळत नाही, तसंच हे. म्हणून दोन शब्द सुटे पाठ करू नका, जोडीचा मिळून एक अर्थ लक्षात ठेवा.

आपली एक सवय मात्र इथे आड येते. रोजच्या मराठीत आपण या जोड्या अर्ध्या करून घेतल्या आहेत. ‘मी तुला स्टेशनवरून पिक करतो’ म्हणताना ‘अप’ गळतो. ‘पंखा ऑफ कर’ म्हणताना ‘स्विच’ गळतो. मग इंग्रजीतही तसंच तोंडात येतं. ‘आय विल पिक यू’ ऐकून परदेशी पाहुण्याला वाटेल, मी तुमची निवड करीन. ‘कॅन यू ऑफ द फॅन’ हे तर वाक्यच होत नाही. ‘आय विल पिक यू अप.’ ‘कॅन यू स्विच ऑफ द फॅन?’ जोडी पूर्ण बोला.

वाक्य शेपटीकडून धरा

वर्गात सगळ्यात उपयोगी पडलेली युक्ती ही आहे. मराठीत शक्यता, सक्ती, सल्ला, परवानगी हे सगळं वाक्याच्या शेवटी येतं. शकतो, पाहिजे, लागेल, असेल, हे सगळे शेपटीला. इंग्रजीत तेच कर्त्यानंतर लगेच, क्रियापदाच्या आधी येतं.

‘तुम्ही तंबाखू सोडून द्यायला पाहिजे.’ यातली क्रियापदाची साखळी बघा: सोडून, द्यायला, पाहिजे. शेवटची कडी, ‘पाहिजे’, उचलून पुढे आणा. उरलेल्या दोन कड्या आहेत त्याच क्रमाने राहू द्या. शुड, गिव्ह, अप. ‘यू शुड गिव्ह अप टोबॅको.’

‘आजी आता उठून बसू शकते.’ ‘शकते’ पुढे आलं की झालं: ‘आजी कॅन सिट अप नाउ.’ ‘आपल्याला कचरा फेकून द्यावा लागेल.’ ‘लागेल’ पुढे: ‘वुई विल हॅव टु थ्रो अवे द गार्बेज.’ आठवडाभर रोज पाच मराठी वाक्यं अशी शेपटीकडून उलटवली, की पुढे विचार करावा लागत नाही. हे मी बघितलेलं आहे.

पण कोणती शेपटी, कोणता मोडल?

खरी मेहनत इथे आहे, म्हणून इथे जरा थांबते. इंग्रजीत मुख्य मोडल नऊच: कॅन, कुड, मे, माइट, मस्ट, शॅल, शुड, विल, वुड. ‘हॅव टु’ त्यांच्यासोबत वापरतात, पण त्याचे नियम वेगळे. अडचण अशी की मराठीची एकेक शेपटी दोन-तीन मोडलांचं काम एकटी करते.

‘शकतो’ घ्या. ‘मी होडी चालवू शकतो’ ही क्षमता, तिथे ‘कॅन’. ‘आज फेरी रद्द होऊ शकते’ ही शक्यता. मराठीत दोन्हीकडे ‘शकणे’, पण इंग्रजीत आजच्या, ठरावीक प्रसंगाच्या शक्यतेला ‘कॅन’ चालत नाही. ‘द ट्रिप मे बी कॉल्ड ऑफ टुडे’ म्हणायचं. ‘माइट’ आणि ‘कुड’ही चालतात, ‘माइट’मध्ये खात्री थोडी कमी. ‘इट कॅन रेन टुडे’ ही आपल्याकडची फार जुनी चूक आहे. मात्र नेहमीच्या अनुभवाची, एरवी घडणारी गोष्ट सांगताना ‘कॅन’ बरोबर: ‘द विंड कॅन पिक अप व्हेरी फास्ट हिअर’, म्हणजे आमच्याकडे वारा एकदम वाढू शकतो. आज दुपारपुरतं सांगायचं तर ‘द विंड माइट पिक अप आफ्टर लंच.’ जाता जाता बघा, इथला ‘पिक अप’ म्हणजे जोर धरणे. स्टेशनवरून घेऊन येण्याशी त्याचा काही संबंध नाही. एका जोडीचे दोन अर्थ असतात, ते वाक्यावरून ओळखायचे.

‘शकलो’ आणखी फसवतं. ‘काल आम्ही वेळेत निघू शकलो’ याला ‘वुई कुड सेट ऑफ ऑन टाइम’ म्हणू नका. एका वेळी घडून गेलेल्या यशाला ‘वुई वेअर एबल टु सेट ऑफ ऑन टाइम’ म्हणतात. नकार असेल तर ‘कुडन्ट’ बिनधास्त वापरा: ‘वुई कुडन्ट सेट ऑफ ऑन टाइम.’

आता ‘पाहिजे’. लाइफ जॅकेट घालायला पाहिजे, यातलं ‘पाहिजे’ सल्ल्याचं की सक्तीचं? मराठीत ते आवाजावरून कळतं, इंग्रजीत शब्दच बदलावा लागतो. सल्ला असेल तर ‘शुड’, नियम असेल तर ‘मस्ट’, परिस्थितीने करावं लागत असेल तर ‘हॅव टु’. ‘यू शुड सेट ऑफ बाय सेव्हन’ हा सल्ला, कारण पुढे ऊन चढतं. ‘यू मस्ट पुट ऑन अ लाइफ जॅकेट’ हा नियम. होडीवाल्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, पाण्यावर ‘शुड’ म्हणू नका. पाहुणा म्हणेल, सल्ला आहे, नाही घातलं तरी चालेल. जिथे जिवाचा प्रश्न आहे तिथे ‘मस्ट’ उद्धट ठरत नाही.

जेवणाच्या टेबलावर मात्र ‘यू मस्ट फिनिश ऑफ द सोलकढी’ असं अनोळखी पाहुण्याला म्हटलं तर त्याला ती आज्ञा वाटू शकते. आपण आग्रहाने ‘संपवायलाच पाहिजे हं’ म्हणतो, तो आग्रह इंग्रजीत ‘डू फिनिश इट ऑफ’ने जास्त गोड पोचतो.

‘नको’ तर सगळ्यात धोक्याचं. ‘तुम्ही लवकर उठायला नको’ म्हणजे उठायची गरज नाही, उठलात तरी हरकत नाही. ‘लवकर उठू नका’ ही मनाई. पहिल्याला ‘यू डोन्ट हॅव टु गेट अप अर्ली’, दुसऱ्याला ‘यू मस्टन्ट गेट अप अर्ली’. पाहुण्याला आरामात झोपा असं सांगायचं आणि तोंडातून ‘मस्टन्ट’ जायचं, म्हणजे त्याला वाटणार इथे पहाटे उठायला बंदी आहे. उलट होडीतून बाहेर वाकू नका हे सांगताना ‘यू डोन्ट हॅव टु लीन आउट’ म्हटलं, तर मनाईची धारच जाते. तिथे ‘यू मस्टन्ट लीन आउट’.

आणि ‘असेल’. कुडाळ स्टेशनकडे निघालेला रिक्षावाला म्हणतो, ‘गाडी आली असेल.’ याला खात्री आहे की शंका? घड्याळ बघून खात्रीने बोलत असेल तर ‘द ट्रेन मस्ट हॅव पुल्ड इन.’ नुसता अंदाज असेल तर ‘द ट्रेन माइट हॅव पुल्ड इन.’ पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं, गाड्या सावकाश धावतात, त्यामुळे तिसरं वाक्यही तयार ठेवा: ‘इट माइट हॅव बीन हेल्ड अप’, कुठेतरी अडकली असेल. ‘पुल इन’ म्हणजे गाडी स्टेशनात येणे, ‘पुल आउट’ म्हणजे सुटणे, ‘होल्ड अप’ म्हणजे खोळंबवणे.

‘विल’ आणि ‘वुड’बद्दल एकच, पण महत्त्वाचं. ‘वुड’ म्हणजे जास्त सभ्य ‘विल’, असा आपल्याकडे समज आहे. म्हणून लोक फोनवर सांगतात, ‘आय वुड पिक यू अप ॲट सिक्स.’ ऐकणारा पुढच्या ‘पण’ची वाट बघतो, घेऊन आलो असतो पण काय? वचन द्यायचं तर ‘आय विल पिक यू अप ॲट सिक्स.’ ‘वुड’ची सभ्यता विनंतीत शोभते: ‘वुड यू फिल इन धिस फॉर्म, प्लीज?’ फॉर्मला आपल्याकडे ‘फिल अप’ म्हणतात, भारतात ते सगळ्यांना कळतंही. परदेशी पाहुण्यासमोर ‘फिल इन’ म्हणा आणि ‘फिल अप’ पेट्रोलच्या टाकीसाठी राखून ठेवा. ‘शॅल’ हल्ली बोलण्यात थोडा उरलाय, पण ‘करू का?’ विचारायला त्याच्यासारखा शब्द नाही. ‘शॅल आय हीट अप द करी?’ म्हणजे आमटी गरम करून देऊ का?

मोडलनंतर क्रियापद उघडं

इथे नियम सोपा आहे आणि त्याला अपवाद नाही. मोडलच्या पुढे क्रियापद मूळ रूपात येतं. ‘एस’ नाही, ‘ईडी’ नाही, ‘टु’ नाही. ‘माय हजबंड विल पिक्स यू अप’ चूक. ‘शी कॅन टु लुक आफ्टर द चिल्ड्रन’ चूक. ‘शी कॅन लुक आफ्टर द चिल्ड्रन’ बरोबर. नकार हवा तर ‘नॉट’ मोडलला चिकटतो आणि प्रश्न विचारायचा तर मोडल कर्त्याच्या आधी येतो: ‘कॅन यू ड्रॉप अस ऑफ ॲट द जेटी?’ जोडीतला छोटा शब्द यात कधीच बदलत नाही.

‘इट’ कुठे बसवायचा?

हे मात्र सरावाशिवाय येत नाही. ‘यू मस्ट पुट ऑन युअर जॅकेट’ बरोबर, ‘यू मस्ट पुट युअर जॅकेट ऑन’ हेही बरोबर. पण जॅकेटच्या जागी ‘इट’ आला की तो दोघांच्या मधेच बसतो: ‘यू मस्ट पुट इट ऑन.’ ‘पुट ऑन इट’ म्हणता येत नाही. ‘शॅल आय स्विच इट ऑफ?’, ‘वुई कान्ट कॉल इट ऑफ नाउ’, ‘आय विल पिक देम अप’, सगळीकडे सर्वनाम मधे.

काही जोड्या मात्र मधे कोणालाच घेत नाहीत. ‘लुक आफ्टर’ही त्यांतली: ‘आय विल लुक आफ्टर इट.’ तीन शब्दांच्या ‘रन आउट ऑफ’चंही तसंच: ‘वुई माइट रन आउट ऑफ इट.’ ‘गेट ऑफ’ही तशीच: ‘यू कॅन गेट ऑफ द बोट हिअर.’ ओळखायला कान मदत करतो. जी जोडी तुटते तिच्यात बहुतेक वेळा जोर छोट्या शब्दावर पडतो, ‘पिक इट अप’ म्हणताना ‘अप’ ठणकतो. ‘लुक आफ्टर इट’मध्ये जोर ‘लुक’वर. नियम पूर्ण पक्का नाही, ‘गेट ऑफ’ला तो फसतो, पण सुरुवातीला खूप आधार देतो. म्हणूनच मी सांगते, वहीत नुसतं ‘पुट ऑन’ लिहू नका, ‘पुट इट ऑन’ असंच लिहा. जोडी आणि तिची बसायची जागा एकदमच पाठ होते.

हुकलेल्या गोष्टी

‘मी पंप बंद करायला हवा होता.’ हळहळीचं वाक्य. इंग्रजीत ‘शुड’नंतर ‘हॅव’ आणि क्रियापदाचं तिसरं रूप: ‘आय शुड हॅव स्विच्ड ऑफ द पंप.’ ‘त्यांचं पेट्रोल संपलं असणार’ म्हणजे ‘दे मस्ट हॅव रन आउट ऑफ पेट्रोल.’ ‘तू फोन करून सांगू शकला असतास’ म्हणजे ‘यू कुड हॅव कॉल्ड अस अप.’ बोलताना हा ‘हॅव’ इतका हलका होतो की ‘शुडव्ह’ असा एकच शब्द ऐकू येतो. त्याला ‘चा-ची-चे’वाला ‘ऑफ’ (of) समजू नका.

केलं कोणी हे महत्त्वाचं नसेल तर ‘बी’ घाला: ‘ऑल लाइट्स मस्ट बी स्विच्ड ऑफ ॲट टेन.’ खोलीतल्या पाटीवर हीच रचना शोभते.

फोनवर ‘कॅन’ आणि ‘कान्ट’

एक धोका फक्त तोंडी आहे. आपण ‘कॅन’ ठासून म्हणतो. होकारात इंग्रज, अमेरिकन लोक तो जवळजवळ गिळतात, ‘वुई कन पिक यू अप’, आणि जोर ‘पिक’वर किंवा ‘अप’वर जातो. नकारात मात्र ‘कान्ट’वर जोर येतो. त्यामुळे आपण ठासलेला ‘कॅन’ कधीकधी त्यांना नकार वाटतो. होकार देताना ‘कॅन’ हलका ठेवा आणि शेवटी ‘यस’ जोडा. नकार द्यायचा तर ‘कॅनॉट’ पूर्ण म्हणा.

सराव कशावर करायचा

अकारविल्हे फ्रेझल व्हर्बच्या याद्या बाजारात मिळतात. माझ्या अनुभवात त्या पहिल्या दहा पानांनंतर धूळ खातात. त्यापेक्षा आपलं एक काम घ्या आणि त्या कामाला लागणाऱ्या सात-आठ जोड्याच मोडलसकट तयार करा. स्वयंपाकघरवालीने ‘हीट अप’, ‘कट अप’, ‘वॉश अप’, ‘रन आउट ऑफ’ घ्यावेत. आंबा बागायतदाराला ‘गो ऑफ’ लागेल, म्हणजे नासणे: ‘द मँगोज माइट गो ऑफ इन धिस हीट.’

मासेमारी बंदीचा काळ तर सरावासाठी तयारच आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या समुद्रात जात नाहीत आणि ताटात सुरमई का नाही, हे पाहुण्याला दर जेवणाला समजवावं लागतं. हे तोंडपाठ ठेवा:

‘द ट्रॉलर्स कान्ट गो आउट इन जून अँड जुलाय. द फिश हॅव टु ब्रीड, सो द बोट्स मस्ट स्टे इन. वुई माइट रन आउट ऑफ किंगफिश, बट वुई विल मेक अप फॉर इट विथ प्रॉन्स.’

यात ‘गो आउट’ म्हणजे होडी समुद्रात जाणे, ‘स्टे इन’ म्हणजे आतच राहणे, ‘मेक अप फॉर’ म्हणजे कमतरता भरून काढणे. कोळंबी तरी घरात असू द्या, म्हणजे वचन खरं ठरेल. हे बोलणं मी दोघींना समोरासमोर बसवून करून घेते, एक पाहुणी, एक मालकीण. तिसऱ्या दिवशी अदलाबदल. लिहून पाठ करण्यापेक्षा समोरून प्रश्न आल्यावर उत्तर द्यायची सवय लागते, आणि खरी परीक्षा तिथेच असते.

आता पाच वाक्यं तुमच्यासाठी. खालची उत्तरं झाकून, शेपटीकडून धरून, मोठ्याने बोला.

वारा पडेपर्यंत आपल्याला फेरी पुढे ढकलावी लागेल.
बूट काढायची गरज नाही.
तुमची बॅग मी सांभाळते.
रात्री लाइट जाऊ शकते.
त्यांनी आपल्याला जेटीवर सोडायला हवं होतं.

उत्तरं अशी: ‘वुई विल हॅव टु पुट ऑफ द ट्रिप टिल द विंड डाइज डाउन.’ ‘यू डोन्ट हॅव टु टेक ऑफ युअर शूज.’ ‘आय विल लुक आफ्टर युअर बॅग.’ ‘द लाइट्स माइट गो आउट ॲट नाइट.’ ‘दे शुड हॅव ड्रॉप्ड अस ऑफ ॲट द जेटी.’ चौथ्यात ‘कॅन’ म्हणाला असाल तर ‘शकतो’चा भाग पुन्हा वाचा. पहिल्यात ‘कॉल ऑफ’ म्हणाला असाल तर तांडेलाला फोन करायच्या आधी पाहुण्याला परत एकदा विचारा: ‘शॅल वुई पुट इट ऑफ, ऑर कॉल इट ऑफ?’